अण्णारावांच्या परसातली कोप

अण्णारावांना एक गोष्ट सांगा म्हटलं तर ते तीन सांगतात, आणि जरा गप्प बसा म्हटलं तर पाच. मागच्या दसऱ्याच्या सुमारास लातुरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भूल कमरेखाली दिली होती, तोंडाला दिली नव्हती. त्यामुळं इकडं गुडघा उघडा आणि तिकडं अण्णाराव डॉक्टरांना हाळीच्या बाजारात बैलजोडी कशी पारखली ते सांगताहेत, असा प्रकार झाला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मालक, माझे टाके घालून झाले. आता तुम्ही ती जोडी घेऊन टाका."

अण्णारावांचं गाव उदगीर तालुक्यातलं. काळी जमीन, गावातल्या शाळेत सातवीपर्यंत शिक्षण आणि बाकीचं सगळं बांधावर. मुलगा दयानंद लातूरच्या एका दाळमिलमध्ये सुपरवायझर. ऑपरेशननंतर त्यानं आईवडिलांना आपल्याकडं आणलं. घर चांगलं होतं, पण झोपायच्या खोल्या सगळ्या वरच्या मजल्यावर. जिना चढताना अण्णाराव पाचव्या पायरीवर थांबायचे आणि दम खायच्या निमित्तानं एक गोष्ट सांगायचे. मागं सून शिल्पा धुण्याची बादली घेऊन उभी. तिनं दोन महिन्यांत पाचव्या पायरीवर उभ्याउभ्या दुष्काळाचं अख्खं साल ऐकलं.

म्हणून दयानंदनं ठरवलं की मागच्या परसात आईवडिलांसाठी खालीच एक खोली बांधायची. त्यानं मल्लेश मिस्त्रीला गाठलं. मल्लेश देगलूरकडचा. हाताचा सरळ, पण तारखेचा वाकडा. वेळअमावस्या झाली की पहिल्या सोमवारी पाया काढतो, असा त्यानं शब्द दिला.

परस म्हणजे काही मोठी बाग नव्हती. एक पेरूचं झाड, एक नळ, धुणं धुवायचा दगड आणि भिंतीशी बोरीचं झुडूप. पण अण्णारावांना तिथं महिन्याभरात माणसं भेटली. नळाखालच्या ओलीत एक बेडूक बसायचा. हालायचा नाही, बोलायचा नाही, नुसता सगळ्यांकडं बघायचा, म्हणून त्याचं नाव पोलीस पाटील. सकाळी सातआठ सातभाई पक्षी यायचे आणि एका किड्यावरून अशी भांडणं करायचे की अण्णाराव त्यांना ग्रामपंचायत म्हणत. एक खार होती, ती त्यांच्या हातातल्या भाकरीचा तुकडा न्यायची आणि भिंतीवर बसून त्यांच्याकडं पाठ करून खायची. आणि पेरूवर एक सरडा होता. अण्णाराव बोलायला लागले की तो मान वरखाली करायचा.

"लातुरात माझं ऐकून होकार देणारा एवढा एकच हाय," असं ते बायकोला, केवळाबाईंना, सांगत.

"त्याला पळून जाता येत न्हाई म्हणून," केवळाबाई म्हणत. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याची एकही गोष्ट शेवटापर्यंत जाऊ दिली नव्हती. शेवट त्याच सांगून टाकायच्या.

डिसेंबरात वेळअमावस्या आली. आपल्या भागात त्या दिवशी घरं ओस पडतात, सगळी माणसं शेतात. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पांडवांचे पाच दगड मांडायचे, भाज्यांची भज्जी, ताकातली आंबिल, बाजरीचे उंडे, आणि वाटेनं जाणाऱ्यालाही बोलावून जेवू घालायचं. पण डॉक्टरांनी अण्णारावांना ढेकळात पाय टाकायची बंदी केलेली. घरातले म्हणाले, यंदा राहू द्या.

अण्णारावांनी सकाळी गावाकडून येणाऱ्या टेम्पोवाल्याला फोन केला. दुपारच्या आत कडब्याच्या वीस पेंढ्या परसात उतरल्या. आपण शेतात जाऊ शकत नाही, तर शेत इथं येऊ द्या, एवढा साधा विचार. त्यांनी खुर्चीवर बसून हुकूम सोडले, दयानंदनं आणि शिल्पानं पेंढ्या उभ्या केल्या, आणि पेरूच्या झाडाशेजारी माणूसभर उंचीची झकास कोप उभी राहिली. गल्लीतली माणसं गंमत बघायला आली आणि आंबिल पिऊन, भज्जी पुसून खाऊन गेली. शेजारच्या उमाबाई म्हणाल्या, "काका, आता बैल तेवढे आणा."

"बैलाचं म्हणाल तर," अण्णाराव म्हणाले, आणि उमाबाईंची संध्याकाळची पूजा त्या दिवशी उशिरा झाली.

दुसऱ्या दिवशी कोप काढायची होती. पण अण्णारावांना ती काढवेना. सकाळी चहा घेऊन ते तिच्याशेजारी बसले की कडब्याचा वास यायचा आणि डोळे मिटले की लातूर नाहीसं व्हायचं. दोन दिवस, तीन दिवस, कोप उभीच. पाचव्या दिवशी केवळाबाईंनी हाक मारली, "आवं, इकडं या. तुमच्या कोपीत कुणीतरी बिऱ्हाड करून राहिलंय."

चिमणीपेक्षा लहान पाखरांची जोडी. अंगानं मातकट, पोटानं पांढरट, काळं टोकदार शेपूट आणि राखाडी जाड चोच. एक जण गवताची काडी घेऊन यायचा, आडवी धरून आत घुसायला बघायचा, अडकायचा, बाहेर येऊन विचार करायचा आणि पुन्हा आडवीच घेऊन घुसायचा.

"ह्यो नवरा असणार," केवळाबाई म्हणाल्या.

अण्णाराव हसले नाहीत. त्यांनी पाखरांना ओळखलं होतं. नाव त्यांना माहीत नव्हतं, कधी लागलंच नव्हतं. पण ज्वारी हुरड्यात आली की हीच पाखरं थव्यानं कणसावर उतरायची. मग अण्णाराव मचाणावर उभे राहून गोफण फिरवायचे. वयाच्या दहाव्या वर्षापासून सत्तरीपर्यंत त्यांनी ह्या जातीला दगडांशिवाय दुसरं काही दिलं नव्हतं. आणि आता हे जोडपं एवढं लातूर सोडून नेमकं त्यांच्याच कडब्यात राहायला आलं होतं.

चार दिवसांनी त्यांनी काठी टेकून वाकून पाहिलं. गवताच्या गोळ्यात पांढरीशुभ्र, करंगळीच्या नखाएवढी अंडी. आणि त्याच दिवशी मल्लेश मिस्त्री आला.

दोरी, लेव्हल आणि चुन्याची फक्की घेऊन मल्लेशनं आखणी केली. पांढरी रेघ नळापासून निघाली आणि थेट कोपीच्या मधून गेली. मल्लेश खाली वाकला, जरा वेळ तसाच राहिला, मग उठून हात झटकत म्हणाला, "आप्पा, ही कोप तेवढी काढून ठेवा. उद्या पाया घेताव."

"कोप अशी काढत नसतेत. आत पांडव बसलेत."

"पांडव कवाच उठून गेले की, आप्पा. आज नऊ दिवस झाले."

अण्णाराव अडले. खरं सांगावं तर ओठावर येईना. जन्मभर गोफण फिरवलेल्या माणसानं पाखरासाठी काम थांबवलं, हे मिस्त्रीच्या तोंडून लातूरभर झालं असतं. त्यांनी आभाळाकडं पाहिलं आणि त्यांना महिना आठवला.

"मल्लेश, पौष लागलाय. पौषात पाया काढत न्हाईत."

आतून केवळाबाईंचा आवाज आला, "आपली विहीर पौषातच खांदली की!"

"आन् पाणी कवा लागलं?" अण्णारावांनी विचारलं.

"धा वर्सांनी!"

"ऐकलंस का, मल्लेश?"

मल्लेशनं गंभीरपणे मान हलवली, अगदी पेरूवरच्या सरड्यासारखी. त्याला जेवायला वाढलं. जेवताना अण्णारावांनी मेहुण्याची, म्हणजे दगडोबाची गोष्ट काढली. दुष्काळाच्या आदल्या साली दगडोबा कांद्याची गाडी भरून उदगीरच्या बाजाराला निघाला. सहा कोस वाट. गाडीत कांदे, कांद्यावर पोतं, पोत्यावर दगडोबा. बैल शहाणे, वाट पाठ असलेले. दगडोबाला गाडीत झोप लागली. गोष्ट एवढ्यावर आली आणि मल्लेशला फोन आला. तो उठून गेला.

त्यानंतर मल्लेश आठवड्यातून दोनदा यायचा. बरोबर जेवायच्या वेळेला. अण्णारावांनी एकदा माती परीक्षणाचं काढलं, एकदा दाराच्या दिशेचं. भोगीला तो आला तर त्याच्यासाठी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी. त्या दिवशी दगडोबाची गाडी वडाच्या झाडापर्यंत आली. पुढच्या अमावस्येला तर कमाल झाली. गवंडी अमावस्येला थापीला हात लावत नाहीत, ही जुनी रीत. मल्लेश रिकाम्या हातानं आला आणि पाटावर बसला.

"आज तर तुझी सुट्टी असते," अण्णाराव म्हणाले.

"म्हणून तर निवांत आलाव, आप्पा. बैल कुटवर आले होते?"

केवळाबाई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, धुसफुसत होत्या. "तुमच्या पाखरापायी मी ह्या मिस्त्रीला चारून राहिले. पाखरं बरी, कच्चे दाणे तरी खातेत. ह्याला भज्यासंगं ठेचा लागतो."

पण त्याच केवळाबाई रोज सकाळी कोपीपासून चार हातांवर मूठभर राळे टाकायच्या आणि ग्रामपंचायत तिकडं फिरकली की फडकं घेऊन धावायच्या. धुणं त्यांनी पुढच्या अंगणात हलवलं होतं. अंडी फुटून पिल्लं निघाली त्या दिवशी शिऱ्यात वेलदोडे जास्त पडले, आणि शिल्पानं कारण विचारलं तर म्हणाल्या, "चतुर्थी हाय." चतुर्थी नव्हती.

आता एक गोष्ट अण्णारावांच्या लक्षात आली नाही. दयानंद रोज संध्याकाळी मिलमधून आला की मागचं दार उघडून परसाकडं बघायचा. महिना उलटला, तरी तिथं तीच फक्कीची रेघ, तीही पुसट झालेली. आईवडिलांना खाली सुखाची खोली मिळावी म्हणून त्यानं किती जणांची मनधरणी केली होती. आणि मिस्त्री येतो, जेवतो, जातो. एके दिवशी तो चप्पलही न काढता परसात आला. अण्णाराव कोपीपाशी खुर्ची टाकून बसले होते.

"दादा, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार की."

"तुम्हाला इथं राहायचंच नाही ना? खोली झाली की गावाकडं जाता येणार नाही, म्हणून तुम्ही त्या मल्लेशला परत पाठवता. सरळ सांगा. मी सोडून येतो तुम्हाला गावाला."

बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. पन्नाशीला आलेला माणूस, पण उभा कसा होता, तर शाळेत नापास होऊन आल्यासारखा. अण्णारावांपाशी प्रत्येक प्रसंगाला गोष्ट होती. ह्या प्रसंगाला एकही सापडेना. त्यांनी नुसता त्याचा दंड धरला.

"वाक."

"काय?"

"वाक म्हणतो. अजून वाक. तुझ्या कमरेला काय सळया घातल्यात?"

दयानंद वाकला. कडब्याच्या फटीत गवताचा गोळा होता आणि आतून आवाज येत होता, वाळक्या शेंगा कुणी हळू हलवाव्यात तसा. एक मोठं पाखरू येऊन आत घुसलं आणि शेंगांचा एकदम गोंधळ उडाला.

"आयला," दयानंद म्हणाला. "किती आहेत?"

"सहा. वळखलंस का कोण हायत? आपल्या ज्वारीवर यायची ती."

दयानंद तसाच वाकलेला. तो म्हणाला, "तुम्ही मचाणावर गोफण फिरवायचात. आणि मी खाली पत्र्याचा डबा वाजवत पळायचो."

"लई बेसूर वाजवायचास."

"मग मला आधी सांगायचं की, दादा!"

"काय सांगू? जल्मभर ज्यांना दगडं हाणली, त्यांच्यापायी लेकानं काढलेलं काम मोडू लालाव, असं सांगू? तूच हासला असतास."

"आणि खोली?"

"खोली पायजेच रे बाबा! तुझ्या त्या जिन्यानं जीव घेतलाय माझा. गावाकडं जाऊन काय करू, तितं ऐकायला कोण हाय आता? हे बग, पिल्लं उडाली की त्याच दिशी माझ्या हातानं कोप मोडतो. शब्द दिला."

दयानंदनं लगेच मल्लेशला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मिस्त्री, अजून पंधरा दिवस येऊ नका."

पलीकडून मल्लेश म्हणाला, "कामून? पिल्लं अजून उडाली न्हाईत का?"

अण्णारावांनी काठी सोडून दिली.

"तुम्हाला कसं माहीत?" दयानंदनं विचारलं.

"पयल्याच दिशी दिसलं की. फक्की मारू लालतो, तर दोरीच्या बरोबर समोर अंडे."

"मग बोलला का नाहीत?"

"आप्पा पौषाचं लई मनापासून सांगू लालते. मधी कसं तोडावं? आन् खरं सांगू का, निलंग्याला दोन कामं अडकून पडली होती, ती ह्या नादात उरकली. पन दयानंदराव, काम नसलं तरी यायला पायजे का न्हाई? ते बैलाचं अर्धंच ऱ्हायलंय."

केवळाबाईंनी कपाळावर हात मारला. महिनाभर आपण मिस्त्रीला फसवतो आहोत म्हणून त्यांनी त्याला जास्तीचं तूप वाढलं होतं.

त्या दिवसापासून खरी पंचाईत झाली ती दयानंदची. तो मिलमधून आल्यावर आधी परसात जायचा. मिलमधून तो दाळीची चुरी आणायला लागला, पाखरं ती खात नव्हती, खारीचं मात्र पोट सुटलं. मांजर दिसलं की सुपरवायझर साहेब बनियनवर गल्लीच्या टोकापर्यंत पळत जायचे. एकदा तर त्यानं माळ्यावरून जुना पत्र्याचा डबा काढला आणि मांजरामागं वाजवला. पाखरं घाबरली नाहीत, पण उमाबाईंनी गॅस बंद केला आणि बाहेर येऊन विचारलं, काय झालं?

आणि मग एका सकाळी, ऊन नुकतं पेरूवर आलेलं असताना, पिल्लं निघाली. पहिलं धाडसानं थेट भिंतीवर. दुसरं धुण्याच्या दगडावर पडलं, पोलीस पाटलाशेजारी, आणि दोघं एकमेकांकडं बघत राहिले. सहावं बाहेरच येईना. केवळाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "ये गं माय, ये." ते आलं. सगळी बोरीत जाऊन बसली आणि तिथून पलीकडच्या मोकळ्या प्लॉटकडं गेली. केवळाबाईंनी शेजारीपाजारी साखर वाटली. अण्णारावांनी मल्लेशला उद्या ये म्हणून सांगितलं. दिवसभर ते फारसं बोलले नाहीत. शिल्पाला वाटलं, बरं नाही की काय.

दिवस मावळतीला ते परसात बसले होते. उद्या इथं पाया खणणार, म्हणून शेवटचा कडब्याचा वास घेत होते. एवढ्यात बोरीत चिवचिव झाली. एक पाखरू आलं, कोपीत शिरलं. मग दुसरं. मग तिसरं. अण्णाराव मोजत राहिले. आई, बाप आणि सहा पोरं, आठही जण परत आले आणि त्या वितीएवढ्या गवताच्या गोळ्यात एकमेकांवर चढून बसले. शेवटच्याला जागाच पुरली नाही, त्याचं शेपूट बाहेर राहिलं.

"आरं, हे तर वापस आले!" अण्णाराव ओरडले.

सगळं घर धावत आलं. दयानंद म्हणाला, "दादा, तुम्ही तर म्हणालात उडून जातील."

"मला काय ठाऊक? साठ वर्सं मी त्यांना हाकलायचंच बगितलं. रातच्याला झोपायला कुटं जातेत, ते कवा विचारलं व्हतं?"

शेपूट जरा हललं आणि आत गेलं.

सकाळी मल्लेश थापी, ओळंबा घेऊन आला तेव्हा अण्णाराव हातात विळा घेऊन कोपीसमोर उभे होते. पाखरं दाणे टिपायला गेलेली. शब्द म्हणजे शब्द. त्यांनी पेंढ्या बांधलेल्या वरच्या आळ्याला विळा लावला. विळा लावलेलाच राहिला.

दयानंद चहाचा कप घेऊन दारात उभा होता. वडिलांची पाठ बघत होता. बराच वेळ बघून तो म्हणाला, "मिस्त्री, भिंत दीड हात अलीकडं घेता येईल का?"

"येईल की. पन खोली लहान होईल. कपाट बसायचं न्हाई."

"कपाटात काय ठेवायचंय?" केवळाबाई म्हणाल्या. "ह्यांची इष्टेट सगळी तोंडात हाय."

"आणि ह्या बाजूला एक खिडकी," दयानंद म्हणाला. "पलंगावर पडल्यापडल्या दिसेल एवढ्या उंचीवर."

अण्णारावांनी विळा खाली ठेवला. काहीतरी मोठं बोलावं असं त्यांच्या मनात आलं. मग ते लेकाला म्हणाले, "तुझा चहा गार झाला बग."

मल्लेशनं जुनी रेघ पायानं पुसली आणि दीड हात अलीकडं नवी फक्की मारली. दोरी ताणली, खुंटी ठोकली, आणि मग हात झटकून धुण्याच्या दगडावर बसला.

"पाया घेतो आप्पा, पन एका अटीवर. दगडोबाची गाडी वडापाशी आली व्हती. पुढं? बैल उदगीरला पोचले का न्हाई?"

अण्णारावांचा चेहरा उजळला. दीड महिना मल्लेशनं धीर धरला होता. त्यांनी खुर्ची ओढली, घसा साफ केला, सरड्याकडं एकदा पाहून घेतलं. "तर दुष्काळाच्या आदल्या साली..."

"आरं, बैल वडाला वळसा घालून घरला वापस आले!" स्वयंपाकघरातून केवळाबाई ओरडल्या. "माझा भाऊ आपल्याच दारात जागा झाला अन् आपल्याच बायकोला इचारला, बाई, उदगीरचा बाजार कुटं भरतो? झालं! संपली गोष्ट! आता भिंत घे!"

अण्णाराव तोंड उघडं ठेवून बसले. पन्नास वर्षांत ह्या बाईनं एकदा तरी, एकदा तरी!

मल्लेश पोट धरून हसला. डोळे पुसले. थापी हातात घेतली, पुन्हा खाली ठेवली, आणि खुर्चीच्या जवळ सरकून हळूच म्हणाला, "पन आप्पा, एवढे शहाणे बैल... वापस कामून वळले?"

"आता कसं बोललास!" अण्णाराव म्हणाले. "त्याचं कारण त्या बैलांच्या आईपास्नं सांगावं लागतं."

त्या दिवशी पाया हातभरच खणून झाला.